आबांच्या गाडीचा टप

घाणीशी माझं जन्मापासून वाकडं आहे. लहानपणी माठातल्या पाण्यात मुंगी दिसली तर मी दिवसभर तहानलेला राहायचो. आई माझ्या पाठीत धपाटा घालायची, तोही डाव्या हाताने, कारण ती डावखुरी. आणि आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, हा कुठल्या संस्थानचा राजपुत्र आपल्या पदरात पडला गं! अशा माणसावर चैत्र सरता सरता, जळगावच्या उन्हात, वडिलांच्या जुनाट गाडीचा टप नखांनी खरवडायची वेळ यावी, याला नशीब म्हणत नाहीत. याला बहीण म्हणतात.

गाडी म्हणजे पद्मिनी. आबांनी ती बाजारातल्या एका मारवाडी शेटजींकडून घेतली होती. शेटजींनी मग नवी घेतली, तिच्या टपावर काळं रेक्झिन चिकटवलेलं होतं आणि कडेने चकचकीत पट्टी. झालं, ते आबांच्या डोळ्यांत भरलं. पुढच्या महिन्यात आमच्याही गाडीच्या डोक्यावर काळी टोपी आली. आता मला सांगा, जिथे उन्हाळ्यात कावळेसुद्धा तोंड उघडं टाकून बसतात त्या गावात काळा टप कोण लावतं? आत बसलं की मेंदू शिजायचा. आबा घाम पुसत म्हणायचे, शान दिसते. त्या शानीचा घराला एकच उपयोग झाला. टप तव्यासारखा तापायचा आणि तिथवर कोंबड्या पोचत नव्हत्या, म्हणून आई दर उन्हाळ्यात त्यावर कापड टाकून कुरडया वाळत घालायची. मला तेव्हाही ते किळसवाणं वाटे. खायची वस्तू आणि गाडीवर!

गाडीचा खरा उपयोग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, पण आपण होऊन येत नाहीत. माहेरचा माणूस मुराळी होऊन न्यायला जातो, तेव्हाच सासरचा उंबरा ओलांडायचा. बहीण धुळ्याला दिली. लग्नापासून दर आखाजीच्या आदल्या दिवशी आबा ती गाडी धुऊन पुसून धुळ्याला जात आणि तिला घेऊन येत. म्हातारपणी दिसेनासं झालं तेव्हा मला चालवायला बसवून स्वतः शेजारी बसत, पण मुराळी तेच.

मग आबा गेले. आईने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. आजार नाही तर बाई उठत का नाही? जेवण दिलं तर जेवायची, विचारलं तर मान हलवायची, बाकी भिंतीकडे तोंड. वर्षभर स्वयंपाकघरात तिने पाऊल टाकलं नाही. मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, चोपड्याहून मामाला बोलावून पाहिलं. काही उपयोग नाही. माझ्या डोक्यात एकच राहिलं होतं, की लेक येऊन समोर बसली तर ही उठेल. नाही उठली तर मात्र मग मला पुढचं दिसत नव्हतं.

आणि लेक येईना. वर्षश्राद्धाला सकाळी येऊन दुपारी गेली, माझ्याशी धड बोललीसुद्धा नाही. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं की मी गाडी भंगारात द्यायला निघालोय. निघालो होतोच. रेक्झिन फाटून लोंबत होतं, आणि गेल्या पावसाळ्यात टपातून पाणी गळून सीटवर बुरशी आली होती, तिचा वास अंगणभर. मी फोन केला, आखाजीला न्यायला येतो म्हटलं. ती म्हणाली, आबांच्या गाडीने येशील तर येईन. आणि त्या फाटक्या टपाची आणू नकोस, सासरच्या दारात माझी लाज काढू नकोस. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे एसी गाडी आहे. तिने फोन ठेवला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, इथे तर घोडं घरच्याच मुलीने धाडलं.

सीटकव्हरवाल्याकडे गेलो. लग्नसराई, त्याला मान वर करायला सवड नव्हती. टपाचं काम म्हटल्यावर तो हसला. हे काम आता कुणी करत नाही साहेब, म्हणाला, रेक्झिन देतो, तुमचं तुम्ही लावा. हे असं सांगितलं जसं काही उशीचा अभ्रा घालायचा आहे. मी नाक वर करून रेक्झिनची गुंडाळी, ते चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा आणि थिनरचा कॅन घेऊन आलो.

जुनं रेक्झिन सोलायला घेतलं. कोपऱ्यातून भरताच्या वांग्याची साल निघावी तसं अलगद निघालं, मला वाटलं सोपं आहे. हातभर निघालं आणि मग खालचं दिसलं. शी! रेक्झिनखाली पिवळा फोम असतो, तो कुजून त्याचा ओला लगदा झाला होता. त्यात झुरळांची अंडी, चपटी होऊन वाळलेली पाल, गंजाचं लाल पाणी आणि उंदराच्या मुताचा वास. आणि त्या सगळ्यात, भेगांतून शिरलेला, वर्षानुवर्षांचा कुरडयांचा चुरा. त्याला बुरशी येऊन हिरवे केस फुटले होते. मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकलो. बायकोने आतून पाणी आणलं आणि माझ्या हातातला खरवडायचा पत्रा घेऊन बाजूला ठेवला. मी परत उचलला. हिवाळा असता तर मला भरीत कायमचं सोडावं लागलं असतं, आणि भरीत न खाणाऱ्या माणसाला जळगावात कोण विचारतं.

जुन्या सोल्यूशनचं तर नावच काढू नका. उन्हाने त्याचा काकवीसारखा रेंदा झाला होता. पत्र्याने खरवडला तर पत्र्याला, बोटांनी काढला तर बोटांना, घाम पुसला तर कपाळाला. थिनरने हाताची सालं निघाली. जेवताना पोळीला थिनरचा वास, झोपताना उशीला उंदराचा. शिवाय येणारा जाणारा फाटकापाशी थांबून अक्कल पाजळायचा. कुणी म्हणे रॉकेल लाव, कुणी म्हणे ताक लाव, कुणी म्हणे जाऊ दे, रंग मारून टाक. उंटावरचे शहाणे सगळे! हात लावायला एक पुढे येईना. मी आबांनाही सोडलं नाही. तोंडाने पुटपुटत होतो, शान दिसते म्हणे, या, बघा आता तुमची शान.

आखाजी तोंडावर आली तेव्हा पत्रा स्वच्छ झाला. गंज घासला, लाल प्रायमर मारला, आणि बायकोने दोन टोकं धरली, मी दोन. नवं रेक्झिन मधून कडेकडे दाबत गेलो. एक सुरकुती नाही, एक फुगा नाही. खरं सांगतो, ते इतकं देखणं बसलं की मला स्वतःचा हात चाटावासा वाटला, थिनरचा नसता तर. आता राहिली कडेची पट्टी. जुनी गंजून तुटली होती, नवी कुठे मिळत नव्हती. भुसावळजवळ दीपनगरला एका निवृत्त गृहस्थांच्या घरामागे मेलेली पद्मिनी उभी आहे असं कळलं, तिची पट्टी काढून आणायची ठरली.

सोल्यूशन ओलं होतं. वावटळीची धूळ बसू नये म्हणून टपावर काहीतरी झाकायला हवं होतं. ट्रंकेत आबांचं धुतलेलं धोतर सापडलं. घरात त्याच्याएवढं मोठं आणि स्वच्छ दुसरं कापड नव्हतं. सकाळी ते टपावर पसरलं, कडेने चिमटे लावले आणि भुसावळच्या रस्त्याला लागलो.

पट्टी मिळाली. दुपारी उन्हं कलायला लागली तेव्हा परत आलो, फाटक उघडलं, आणि बघतो तर काय. आबांच्या धोतरावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुरडया. गरम चीक सोऱ्यातून थेट माझ्या ओल्या टपावर पाडलेला. मी धोतराचं टोक उचललं. खाली मऊ झालेल्या रेक्झिनमध्ये कुरडया जशाच्या तशा उमटल्या होत्या. गोल गोल, नक्षीसारख्या, आणि वर पाझरलेल्या चिकाची पांढरी साय. बोट लावलं तर बुळबुळीत. ती पाल, ती अंडी, तो उंदीर, सगळं मी सहन केलं होतं, पण हे नाही.

मी बोंब मारली. आपल्या गल्लीतल्या बायकांना मोकळी जागा दिसली की झाली सुरुवात, असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. दुसऱ्याच्या गाडीवर वाळवण घालताना लाजा वाटत नाहीत का, म्हणालो. अजून बरंच म्हणालो, ते इथे लिहीत नाही. बायको दारात उभी होती. एरवी ती मला गप्प करते, त्या दिवशी पदराला हात पुसत फक्त ऐकत राहिली. मला वाटलं, तिनेच परवानगी दिली असणार, म्हणून गप्प आहे. मी तिच्याशीही बोलणं टाकलं. ओल्या फडक्याने चीक पुसला, पण ठसे गेले नाहीत. दुसरं रेक्झिन नव्हतं, असतं तरी वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुराळ्याला धुळ्यात पोचायचं होतं. मी पट्टी ठोकली आणि आईच्या खाटेकडेही न डोकावता, न जेवता झोपलो.

सकाळी पारोळ्याच्या पुढे एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना वरून माझ्या टपाकडे पाहिलं आणि दात काढले. मी काच वर केली. धुळं येईपर्यंत मी मनात बहिणीची वाक्यं तयार करत होतो. माझी लाज काढलीस. जा परत. आणि मग घरी एकटा जाऊन आईच्या खाटेपाशी काय सांगायचं, तेही जुळवत होतो, ते जुळत नव्हतं.

गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर आली. मागून तिची सासू आणि शेजारच्या दोघी. मी खाली उतरलो आणि कुणी विचारायच्या आधीच सुरू झालो. बघ बाई, तुझ्यापायी हे केलं आणि गल्लीतल्या बायकांनी त्याची अशी वाट लावली. ती पुढे झाली. टपापाशी आली. सासू बघत होती, शेजारणी बघत होत्या. तिने एका ठशावर बोट ठेवलं आणि ते गोल फिरवत बाहेरून मधे नेलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. उन्हाने टप चटके देत असणार, पण तिने हात काढला नाही.

"भाऊ, आपल्या गल्लीत डावखुरी कोण आहे?"

मी म्हटलं, कोण असणार, आणि टपावर वाकलो. ठसे सगळे उलटे फिरलेले होते. सगळेच्या सगळे. काल मी ते तासभर फडक्याने घासले होते.

मी तिथेच अंगणात उभं राहून बायकोला फोन लावला. आदल्या दिवसापासूनचं आमचं हे पहिलं बोलणं. तिने सगळं सांगितलं. आखाजी म्हणून तिने गहू भिजवले होते, चीक शिजवला होता, कुरडया गच्चीवर घालणार होती. तेवढ्यात आई खाटेवरून उठून दारात आली. तिला टपावर पसरलेलं धोतर दिसलं. ते धोतर टपावर पसरणं, चिमटे लावणं, हे दर वर्षी आबांचं काम होतं, ते झालं की ते आईला हाक मारायचे. हे मी विसरलो होतो. आई बराच वेळ धोतराकडे बघत राहिली. मग तिने बायकोच्या हातातून सोऱ्या घेतला.

"त्यांना अडवायला माझी जीभ उचलली नाही," बायको म्हणाली. "पोर येनार शे, म्हणाल्या, कुरडाया नको का?"

मी विचारलं, मग काल मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही ओरडायचं थांबलात कुठे. मग मला कालचं माझं बोलणं आठवलं. मी विचारलं, मी जे बोललो ते आईने ऐकलं का. ऐकलं, ती म्हणाली, मोरीत सोऱ्या धूत होत्या तेव्हा. मला वाटलं, झालं, आता ती परत भिंतीकडे तोंड करून पडली असणार, आणि हे माझ्याच जिभेने केलं.

"हसल्या," बायको म्हणाली. "म्हणाल्या, तुना सासरा बी असाच बोंबले."

मी फोन खिशात ठेवला. बहीण पिशवी घेऊन गाडीत बसली होती, पुढे, जिथे आबा बसायचे तिथे. सासूच्या पाया पडून आली होती, लाजेचं नावही काढलं नव्हतं. मी गाडी सुरू केली. डोळे चुरचुरत होते, ते मी थिनरवर ढकललं, दोन दिवसांत थिनरला हात लावला नव्हता तरी. गावाबाहेर मोकळा रस्ता लागला तसा मी जोर दिला. घरी लवकर पोचायचं होतं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "हळू चालव ना रे," म्हणाली. "वर आईच्या कुरडया आहेत."

मी हळू चालवली.