दमयंतीची सुट्टी

लोणच्याची बरणी तोंडावर नाकारणारी बाई मी सौदीतल्या या हुफूफमध्ये एकच पाहिली. ती म्हणजे आमची दमयंती.

ज्यांनी आखातात दिवस काढले नाहीत त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. इथे कुणी विमानात बसणार अशी नुसती कुणकुण लागली की संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात पिशव्या येऊन पडतात. कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या भाच्याचे बूट, आणि खजूर तर पाचवीलाच पुजलेला. नाही म्हणायची रीतच नाही. मनातल्या मनात शिव्या घालायच्या, आपल्याच बॅगेतले चार कपडे बाहेर काढायचे आणि हसून म्हणायचं, "ठेव की, त्यात काय!" मी स्वतः एकदा कुणाचा तरी मिक्सर मांडीवर घेऊन मुंबईला उतरले आहे.

दमयंती आणि मी एकाच हॉस्पिटलात. ती फिजिओथेरपिस्ट, मी लॅबमध्ये. मूळची वेंगुर्ल्याची, पंचावन्नच्या आसपासची, उंचीला बेताची आणि बोलायला त्याहून बेताची. नवरा उमाकांत एका खजुराच्या कंपनीत अकाउंट्स बघतो. माणूस वाईट नाही, पण आपल्या बायकोला स्वतःसाठी काही हवं असू शकतं, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलेला नव्हता. मुलगा सुबोध आणि सून स्मृती पुण्यात असतात.

हॉस्पिटल आम्हाला वर्षातून एकदा महिनाभर सोडतं, तेही जूनमध्ये. दमयंतीची ही सुट्टी कधी सुरू होणार हे तिच्याआधी तिच्या सासरच्यांना माहीत असायचं. "दमयंती येतेय ना, मग तेव्हाच उरकून टाकू." नणंदेच्या मुलीचा साखरपुडा तिच्या सुट्टीत, दिराची एकसष्टी तिच्या सुट्टीत, सासूबाईंचा मोतीबिंदूसुद्धा तिच्या सुट्टीत. जाताना दोन बॅगा भरून लोकांचं सामान, तिथे महिनाभर स्वयंपाकघर, येताना दोन बॅगा भरून लोकांचं सामान. परत आली की मी विचारायचे, "कशी झाली सुट्टी?" ती म्हणायची, "झाली." वीसेक वर्षं मी हे एकच उत्तर ऐकलं.

मग सहर आली. सहर इथलीच, म्हणजे हुफूफ ज्या भागात येतं त्या अल-अहसाची, शाळेत शिकवते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दमयंतीकडे व्यायामाला यायची. दमयंतीनं तिला बजावलं, गुडघा भक्कम करायचा तर सायकल चालव. सहर म्हणाली, "मग तू पण चल. एकटीला मला कंटाळा येतो." दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. ही शुक्रवारी सकाळी खरंच गेली.

हुफूफच्या बाहेर खजुराच्या बागांमधून बारीक रस्ते जातात. दोन्हीकडे बुटक्या भिंती, कडेनं पाण्याचे पाट, मधेच अंजिराचं झाड, लिंबाचा वास. शुक्रवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. वेंगुर्ल्यात लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकलेलं पायांत शिल्लक होतं म्हणे. हिवाळा संपेपर्यंत दोघी कारा डोंगरापर्यंत जाऊन येऊ लागल्या. शनिवारी बायका तिला वाटेत अडवून विचारायच्या, "या वयात शोभतं का गं?" ती म्हणायची, "शोभत नाही. पण बरं वाटतं."

सहर शिकायला वर्षभर फ्रान्समध्ये राहिली होती. तिनंच दमयंतीच्या डोक्यात तिथल्या खेड्यांमधले रस्ते घातले. मोठे हमरस्ते नव्हेत. नकाशावर केसाएवढ्या दिसणाऱ्या रेघा, ज्यांवरून दिवसभरात एखादा ट्रॅक्टर जातो. आधी कालव्याच्या काठाकाठानं सपाट, मग द्राक्षांचे मळे, आणि शेवटचे पाच दिवस डोंगर. दमयंती जेवणाच्या सुट्टीत फोनवर तो नकाशा उघडून बसायची. डबा खाता खाता रोज एक गाव पुढे जायची. मला म्हणाली, "आसावरी, मला तो डोंगर चढायचाय. एकदा तरी असं काहीतरी करायचंय की ज्याचा कुणालाच काही उपयोग नाही."

जून ठरला. खोबर शहरात जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आल्यावरच तिनं घरी सांगितलं. उमाकांत आधी हसला. ती थट्टा करत नाहीये हे कळल्यावर त्यानं पुण्याला फोन लावला आणि आठवड्याच्या आत सुबोधच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत निघाली. कधी? जूनमध्ये. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काय उगाच?

दमयंती म्हणाली, "तुम्ही करा. मी फोटो बघेन."

मग जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी जेवण सोडलं, म्हणजे रात्रीचं. स्मृतीच्या आईनं, म्हणजे विहीणबाईंनी, "आमच्याकडे असं नसतं" हे तीनदा कळवलं. आणि एका शुक्रवारी दुपारी, मी त्यांच्याकडे जेवायला गेलेली असताना, सुबोधचा फोन आला. उमाकांतनं तो मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

"आई, तुझ्यासाठी गुड न्यूज आहे. गुरुजींशी बोलून मुहूर्त पुढे ढकललाय. तू जा फ्रान्सला. फक्त शेवटचे पाच दिवस सोड आणि पॅरिसहून डायरेक्ट पुण्याला ये. वुई ॲडजस्टेड फॉर यू."

उमाकांतनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू टाळी द्यावी. खरं सांगते, मलाही वाटलं की हे बरं झालं. साप मेला, काठीही तुटली नाही. शेवटचे पाच दिवस म्हणजेच तो डोंगर, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दमयंतीनं हातातला भाताचा वाडगा खाली ठेवला. "सुबोध, गुरुजींना विचारलंस?"

"हो, म्हणजे काय!"

"केटररला विचारलंस?"

"अफकोर्स."

"आणि मला?"

मग तो म्हणाला, "आई, पण तू नसलीस तर पुरणपोळ्या कोण बघणार? बाहेरच्या आजीला चालत नाहीत."

"मग खीर करा," दमयंती म्हणाली. "मी येत नाही."

उमाकांत ताटावरून उठला. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "अगं, मुलगा आहे. थोडं नमतं घे."

ती भांडी घासता घासता म्हणाली, "आसावरी, लग्न झाल्यापासून मी नमतंच घेतेय. दिवसभर मी लोकांच्या कमरा सरळ करते. माझी कधी करू?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागानं नळ जास्तच सोडत होती. मी भांडी विसळू लागले.

बरणीचा प्रसंग यानंतरचा. निघायच्या दोन दिवस आधी विभाताई आल्या. त्या आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा, इथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचा भाचा पॅरिसला. सोबत कैरीच्या लोणच्याची दणदणीत बरणी, थालीपिठाची भाजणी आणि कुकरची रिंग. मागे आणखी तिघीजणी आपापल्या पिशव्या घेऊन उभ्या.

दमयंतीनं त्यांना आत नेलं आणि पलंगावर मांडलेलं सामान दाखवलं. "विभाताई, सायकलला दोनच पिशव्या अडकवता येतात. एकीत पावसाचं जॅकेट आणि हत्यारं. दुसरीत कपडे. बरणीसाठी मी यातलं काय काढू, तुम्हीच सांगा."

"अगं, बसेल कोपऱ्यात! सगळेच नेतात."

"बसेल. पण मी नेणार नाही."

मागच्या तिघींनी आपल्या पिशव्या हळूच पाठीमागे घेतल्या. त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर दमयंतीचं नाव न घेता माणुसकीवर इतके सुविचार पडले की मला फोन बंद करावा लागला. ती बरणी शेवटी कुणी नेली? उमाकांतनं! तो पुण्याला एकटा निघाला होता. मग काय, सगळ्या पिशव्या त्याच्या दारात. विभाताई म्हणाल्या, आता पुण्याहूनच कुणीतरी पॅरिसला जाणारा शोधू. विमानतळावर सामान जास्त भरलं तेव्हा तो स्वतःची शेरवानी कारमध्ये ठेवून गेला, असं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कळलं असेल की सुट्टीला जाणं म्हणजे काय असतं.

दमयंती आणि सहर बहरीनहून उडाल्या आणि तिथे पोचून भाड्याच्या सायकली घेतल्या. मग माझ्याकडे रोज काही ना काही येऊ लागलं. पहिल्याच आठवड्यात दोघींनी घोळ घातला. हाडांत इथली शुक्रवारची सुट्टी मुरलेली, म्हणून गुरुवारी ढीगभर ब्रेड घेतला आणि रविवारी उठल्या तर सगळं गाव कुलूपबंद. सोमवारी बेकरीवाल्याची सुट्टी. इथून नेलेल्या खजुरांवर दोन दिवस काढले. शिवाय तिथे सायकलवाले पाणी भरायला कबरस्तानात जातात, तिथल्या नळाचं पाणी चांगलं असतं म्हणे. हे ऐकून मी फोनवरच तिला आंघोळ करायला सांगितलं. ती म्हणाली, "गार होतं गं. दोन बाटल्या प्यायले."

वास्तुशांतीच्या दिवशी सुबोधनं सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. इकडे विभाताईंच्या हॉलमध्ये आमचं अख्खं मंडळ टीव्हीसमोर बसलं होतं. कॉल माझ्या फोनवरून जोडलेला. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आत एसी, आणि पडद्यावर पुणं: झेंडूची तोरणं, होमाचा धूर, डोळे चोळणारा उमाकांत, पैठणीतल्या विहीणबाई. कोपऱ्यातल्या एका चौकोनात अचानक दमयंती उगवली.

हेल्मेट, लालबुंद चेहरा, नाकावरून घाम. मागे हिरवा उतार आणि पांढऱ्या गाई. ती धापा टाकत होती.

"काय हो, दमलात की!" विहीणबाई म्हणाल्या. "एवढं बघायला आहे तरी काय तिथे?"

"काही नाही," दमयंती म्हणाली. "गाई आहेत. रस्ता आहे."

सुबोध सोवळ्यातच फोनजवळ आला. "आई, बरी आहेस ना?"

"इतकी बरी मी कधीच नव्हते रे," ती म्हणाली, आणि भर कॉलवर रडली. सुबोध आणि स्मृतीला आशीर्वाद दिला, कलश दाखवायला सांगितला, छान झालंय म्हणाली. सुबोधनंही डोळे पुसले. धुराचं निमित्त होतंच.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण उमाकांतनं तोंड घातलं. "बरं का दमयंती, सगळे आहेत तोवर सांगून ठेवतो. पुढच्या जूनमध्ये आमच्या नानाकाकांची पंचाहत्तरी आहे. तुझ्या सुट्टीतच धरतोय आम्ही."

दमयंतीनं बाहीनं नाक पुसलं.

"पुढच्या जूनमध्येही मी नाही," ती म्हणाली. "आता ठेवते. चढ संपलाय, पुढे उतार आहे."

तिचा चौकोन काळा झाला. माझा माइक चालू आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. विभाताईंच्या सोफ्यावर बसून, सगळ्या मंडळादेखत, मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.