दुर्गाची गाडी आणि खेमराजची पिशवी

दुर्गे, माझ्यावर काही लिहू नको, असं तू मला, तुझ्या मैत्रिणीला, नेहमी म्हणायचीस. तुझं ऐकत बसले तर माझी लेखणी गंजून जाईल. तेव्हा गुमान बस आणि परक्या बाईची असल्यासारखी तुझीच गोष्ट ऐक.

गोष्ट ब्याऐंशी सालची. लाखनीत लुगड्यांचा व्यापार करणाऱ्या खेमराजने जुनी अँबॅसडर घेतली. त्याची नजर अधू, म्हणून गाडी शिकली त्याची बायको, दुर्गा. मागे गठ्ठे, शेजारी नवरा, अशी ती बाजाराला निघाली की ट्रकवालेही बाजू देत. भीतीपोटी का होईना, पण देत.

मग गाडी काळा धूर सोडू लागली. गचके खाऊन मध्येच बंद पडे.

"इकून टाकतो," खेमराज म्हणाला. "साकोलीचे केशवराव ऐतवारी पाहाले येऊन राहिले."

"अन् मी काय करू? घरात बसून डाळ निवडू?"

शनिवारी तिने अंगणातच बॉनेट उघडलं. पान्याने चारही प्लग काढले, काजळीने माखलेले. नवे बसवून एकटीनेच चक्कर मारली. इंजिन कसं गोड चाललं! हरखून नवऱ्याला शेजारी बसवलं, तर थोड्याच वेळात पुन्हा धूर. घरी येऊन पाहते तो नवे कोरे प्लग काळेठिक्कर!

शेजारची कौशल्याबाई फाटकातून ओरडली, "दुर्गे, चुलीवर ठेव नं गाडी, शिजते का पाह्य!"

दुर्गाने पदर खोचला, प्लग घासून परत बसवले. मग तिने मनाशी हिशोब केला: मी एकटी असले की चालते, हे बसले की खोकते. म्हणजे दुखणं इंजिनात नाहीच, शेजारच्या सीटवर आहे.

"बसा अजी. अन् रोज करता तसंच करा."

गाडी निघाली तशी खेमराजने समोरची एक गोल मूठ बाहेर ओढली, तिच्यावर पानसुपारीची पिशवी अडकवली आणि निवांत मागे टेकला. मूठ पिशवीखाली पार झाकली.

ती मूठ चोकची! थंड इंजिन चालू करताना ओढायची आणि लगेच आत ढकलायची. ओढलेलीच राहिली की इंजिन नुसतं पेट्रोल ढोसतं आणि धूर ओकतं.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"खुंटी हाय नं ते. आत घुसून राह्यते, म्हणून ओढा लागते."

दुर्गा इतकी हसली की कपाळ हॉर्नवर आपटलं.

रविवारी केशवराव चहा पिऊन रिकाम्या हाताने गेले. खेमराजची एकच अट: "ठेव तुही गाडी. पण माह्या पिशवीले खुंटी पायजे."

ती खुंटी आणायला आपण दोघी साकोलीला कितीदा निघालो, आठव. गाडी अशी मजेत पळायची की दुकानं मागे राहायची आणि आपण नागझिऱ्याच्या जंगलाच्या वाटेला! पिशवी शेवटपर्यंत खेमराजच्या मांडीवरच राहिली.