करवतकाठीची किनार आणि फुकटचं लिनक्स

भंडाऱ्याच्या एका संगणकवाल्याने मला फसवलं. त्याने विंडोजचे वेगळे पैसे घेतले आणि मशीनमध्ये फुकट मिळणारं लिनक्स टाकून दिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या मशीनचं कौतुक करणार आहे आणि त्यातलं काहीही त्या माणसाच्या वाट्याला जाऊ नये.

मोहाडीला माझं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, लुगड्यांचं दुकान आहे. बापाकडून मिळालेलं नाही. कारध्यापासून बपेऱ्यापर्यंतचे आठवडी बाजार मी सायकलला गाठोडं बांधून केले, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. भाव कसा पाडायचा आणि आपला कसा पडू द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. करवतकाठीच्या किनारीचे नकाशे मात्र माझी बायको काढते. चौकड्यांच्या कागदावर करवतीच्या दात्यांसारखी किनार रंगवायची, एक चौकडी म्हणजे ठरावीक धागे, आणि तो कागद पाहून विणकर मागावर धोटे फेकतो.

तिला त्या चौकड्या दिसेनाशा झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरने चष्म्याचा नंबर वाढवला, पुन्हा वाढवला आणि शेवटी म्हणाला, बारीक काम सोडा. घरी येऊन तिने कागदांची गुंडाळी कपाटावर टाकली आणि दिवसभर घर झाडत सुटली. लग्न होऊन आली तेव्हापासून ते काम तिचं. ते गेलं असतं तर ती नुसती घरात वावरत राहिली असती. संगणकावर पाहिजे तेवढं मोठं करून दिसतं, एवढंच मी ऐकलं होतं. म्हणून भंडाऱ्याला गेलो.

तिथे मी माझ्या रीतीने बसलो. पहिला भाव ऐकून हसलो, दुसऱ्याला चपला घातल्या, तिसऱ्याला दुकानाबाहेर पडलो. मागून हाक आलीच.

“काका, तुमी तं मलेच विकून खाऊन राहिले,” दुकानदार म्हणाला.

“तुले कोण घेते बाप्पा! मशीनचं बोल.”

“चला, मशीन तुमच्या भावात. पण विंडोजचे अलग. ओरिजिनल हाये, त्यात काई कमी नाई होत.”

“ते कायले पाह्यजे?”

“त्याच्याबिगर मशीन म्हंजे खोकं हाये जी.”

एका हाताने सोडलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं मला कळतं, पण कापडात कळतं. इथलं सूत कोणतं आणि कोसा कोणता, हे बोटाने चाचपून पाहता येत नव्हतं. मी पैसे दिले.

मशीन घरी आल्यावर सुरुवातीला ती त्याला नुसतीच फडक्याने पुसत असे. मग माऊस धरायला शिकली. बाण पडद्यावर कुठे पळाला म्हणून दोघंही शोधत बसायचो. असंच इकडेतिकडे दाबता दाबता तिला हिशेबाचं पान सापडलं. सगळं जग त्यात आकडे भरतं. हिने पाहिलं आणि ओरडलीच, “अहो, यात तं आपला कागद हाये!”

“अवं, ते हिशोबाचं होय.”

“असू द्या. तुमचा हिशोब तोंडीच चालते.”

तिने रकाने ओढून ओढून चौकोनी केले, एकेक चौकडी निवडून रंग भरला आणि पान मोठं केलं. चौकडी बोराएवढी दिसायला लागली. थोड्याच दिवसांत अख्खी किनार तयार झाली. त्या संध्याकाळी आमच्या घरी झाडू कोपऱ्यातच राहिला.

अडलं ते प्रिंटरपाशी. तो काही केल्या हलेना. मागच्या गल्लीत संगणकाचा क्लास चालवणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी बरीच खटपट करून कागद काढून दिला आणि मग सहज म्हणाल्या, “काका, हे विंडोज नाही. लिनक्स आहे. फुकट असतं हे. नवीन माणसाला जड जातं म्हणतात.”

“मले कोनं सांगतलंच नाई जड जाते म्हणून,” बायको म्हणाली.

मॅडम हसल्या. मी नाही हसलो. तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते सगळं ऐकवलं. तो थंडपणे म्हणाला, “गडबडीत राहून गेलं काका. घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.”

मी वायरी उपटायला लागलो.

“कुठं नेऊन राहिले?” बायकोने टेबलाला हात लावून विचारलं. “अन् माह्ये नकाशे?”

“नकाशे दुसरीकडे काढून ठेवता येतील काकू,” मॅडम म्हणाल्या, “पण मग सगळं वेगळ्या जागी दिसेल. पुन्हा शिकावं लागेल.”

ती मॅडमबरोबर क्लासमध्ये गेली. तिथल्या विंडोजच्या मशीनसमोर बसून आली आणि म्हणाली, “तिथंबी चौकड्या हायेत. शिकली तं जमंन. पण किनार बसून राहिली आता हाताले. डोळे चालतात तोवर मी किनारी काढू का बटनं शोधत बसू? याले हात नका लावू.”

मी वायरी परत लावल्या. दोन चुकीच्या लागल्या. त्या तिने नीट केल्या.

आता मला कुणी विचारलं तर मी खरं ते सांगतो. नोकरीसाठी शिकणाऱ्याने कचेरीत चालतं तेच शिकावं. आमचा प्रिंटर अजूनही मधूनच रुसतो, आणि छापखान्याने पाठवलेली मराठी पत्रिका आमच्या पडद्यावर काड्याकुड्या होऊन उतरली होती. जवळपास अडलंनडलं सांगणारं कुणी नसेल तर लिनक्सच्या भानगडीत पडू नये. पण ज्याच्या बोटांना आधीची कोणतीच सवय नाही आणि ज्याला दोन-तीनच कामं करायची आहेत, त्याला हे आणि ते सारखंच नवीन. माझी बायको सकाळी चहा घेऊन तिथे बसते, किनार काढते, विणकरांना पडद्यावर त्यांच्या विणीतल्या चुका दाखवते. घरात समाधान आहे. मी नाही म्हणत नाही.

पण दुकानदाराकडे मी गेलोच, मशीन न नेता. विंडोजचे पैसे परत मागितले, तर तो एक माऊस पुढे करून म्हणाला, “हा घ्या. काकूले जमून राहिलं ना? मंग तुमचं बिगडलं काय? फुकटचं हाये म्हटलं असतं तं तुमी घेतलं असतं का?”

माऊस मी त्याच्याच टेबलावर आपटून आलो. घेतलं असतं की नसतं, हे ठरवणं माझं काम होतं. चार गोष्टी विचारल्या असत्या, घासाघीस केली असती, बायकोला दाखवलं असतं. ज्या वस्तूने तिचं काम तिच्या हातात ठेवलं, ती त्याने चोरीच्या मालासारखी तोंड दाबून का दिली? नाव सांगून, वस्तूचे गुण-दोष सांगून का विकली नाही? त्याने मोहाडीला यावं, माझ्या बायकोसमोर बसावं आणि याचं उत्तर द्यावं.