आनंदाकाका आणि हौसाकाकींचं दुपारचं जेवण

आनंदाकाका आज सकाळी गेले.

ज्या बाईसाठी ते रोज भर उन्हात यायचे, तिला ते कोण हेच माहीत नव्हतं.
आणि ती त्यांची बायको होती.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. पन्हाळा रोडला एका वृद्धाश्रमात मी नवीनच लागले होते. ज्यांना हातानं खाता येत नाही त्यांना भरवायचं, ही माझी ड्युटी.

हौसाकाकी तिथं आल्या तेव्हा त्यांची मेमरी पार गेली होती. काकांचं मंगळवार पेठेत सायकलचं दुकान. दुपारी शटर ओढून ते थेट आमच्याकडं यायचे.

पण काकी खाईनात.
चमचा जवळ नेला की ओठ घट्ट. अंगावरचा झंपर ढगळ झाला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

काका विनवायचे, "हौसा, एक घास खा की गं."

काकी पदर सावरून म्हणायच्या, "पावणं, तुमी जेवा. आमचं मालक दुकानातनं आल्याबिगर मी जेवत न्हाय."

मालक समोरच बसलेले.

"अगं मीच की तो," असं काकांनी सांगितलं की त्या घाबरायच्या. रडायच्या. ताट तसंच राहायचं.

एका दुपारी मी वरणभात मऊ कालवून बसले होते. काकांनी खुर्ची जरा मागं सरकवली. मग म्हणाले,

"वैनी, मी दुकानाकडनंच आलोय. मालक कामात हायत. दुकानातच जेवलो म्हणून सांगा म्हणालेत."

वैनी. स्वतःच्या बायकोला.

काकींनी मान वर केली. "व्हय? काय जेवलं?"

"भाकरी आन् वांगं."

"तिखट न्हवतं न्हवं? त्यास्नी पित्त हुतंय."

"न्हाय वैनी. बेतानं खाल्लंय."

"मग बरं," म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

मी भरवत राहिले. काका खिडकीकडं तोंड करून उभे होते.

मग रोज तेच. रोज काका परके व्हायचे आणि स्वतःचाच निरोप आणायचे. नळी लागली नाही. काकींचं वजनही थोडं वाढलं.
त्यांचं झालं की मी काकांना ताट वाढायचे. ते सकाळपासून उपाशीच असायचे.

एकदा विचारलं, "काका, वाईट वाटत नाही?"

"वाटतंय की. पण आज म्हनली, मालकांस्नी दुपारचं जरा पडायला सांगा. एवढ्या वर्सात तोंडावर कधी बोलली न्हाय गं असलं."

पुढं काकींना गिळताच येईना. पेजेनंही ठसका लागायचा. शेवटी काका ओल्या कापसानं ओठ तेवढे भिजवायचे.

त्या गेल्या त्या दिवशी काका जिन्यात बसून मोठ्यानं रडले. "आज तिनं इचारलंच न्हाय गं, मालक जेवलं काय म्हणून."

दुकान विकून ते कबनूरला लेकीकडं गेले. मी अधूनमधून जायचे. गेल्या महिन्यात गेले तेव्हाही काकांनी मला ओळखलं, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

आज लेकीचा फोन आला. काल रात्री तिनं काकांना खीर भरवली. दोन चमचे घेतले आणि तिचा हात धरून म्हणाले, "बास बाळ. पोट भरलं."

काका, सुखानं जा. तुमच्या हौसाबाईंच्या शेजारी तुम्हालाही जागा मिळो.
तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.