तणमोरांच्या जागी मी बांधलेल्या चिंध्या

गुरुवार, ११ ऑगस्ट १९३८. सकाळी सात वाजता मी बाळापूरजवळच्या माळावर तणमोर मोजत होतो.

मंडळींनो, आपण पाखरे पाहणारे हातोहात फिरवतो त्या वहीतले हे पान आधी पुरते वाचा, मग रागवा.

गवतात दडून राहणारे हे तणमोर पक्षी वऱ्हाडात किती उरले, हे कॉलेजातल्या एका प्रोफेसरसाहेबांना हवे आहे. पावसाळ्यात नर गवतावर उंच उडी मारतो, तेव्हाच काय तो दिसतो. एकच नर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मी प्रत्येकाच्या जागी काठी रोवून तांबडी चिंधी बांधली होती. पाच नर, पाच चिंध्या.

आज एकही उडाला नाही. प्रत्येक काठीपाशी फास लावलेला होता. एका फासात तुऱ्याची काळी पिसे अडकली होती.

सोबतचे भुऱ्याबाबा पारधी खालीच बसले. "बापू, एक पाखरू हेराले आमाले दोन दोन दिवस गवतात बसा लागे. तुनं तं पाखरं इकनाऱ्या बजारवाल्याईले पाटीच लावून देली."

"म्या मोजासाठी लावल्या होत्या, बाबा."

"मंग मोज आता."

घरी आलो तर साहेबांचे पत्र: यापुढे जागा नेमकी लिहीत जा.

दर्यापूरच्या बाजूला परवा मला एक नर दिसला आहे. जागा लिहिली नाही, तर त्याचे गवत राखा असे सरकारला कोण सांगणार? लिहिली, तर ती किती जणांच्या हाती जाईल? तुम्हीच सांगा, लिहू का?