पंखाच्या पोटातली सही

सुई कायम सदऱ्याच्या कॉलरला टोचलेली. विमानाला हात लावण्याआधी घड्याळ आणि अंगठी खिशात. पंखाचं कापड बोटांनी वाजवून, मान तिरकी करून ऐकायचं. चहा उभ्यानेच. टाका चुकला की न कुरकुरता उसवायचा.

सगळे त्यांना सुईकाका म्हणत. वर-खाली दुहेरी पंखांच्या, शिकाऊ वैमानिकांच्या जुन्या विमानांना कापड चढवायचं त्यांचं काम. तसलं एकच विमान आता उरलं होतं आणि त्याचं घोडं कागदांवर अडलं होतं. आधी उड्डाणशाळा मालक, मग विमानातून पिकांवर औषध मारणारा एक फवारणीवाला, मग एक डॉक्टर, आता फ्लाइंग क्लब. फवारणीवाला आणि डॉक्टर यांच्यामधली चार वर्षं कोरी. विमान-नोंदणी कचेरीने बजावलं होतं, मालकांची साखळी अखंड नसेल तर उड्डाण नाही. विमान संग्रहालयाच्या छताला टांगा.

“मधे उड्डाण शिकवणाऱ्या बाई होत्या,” काका कचेरीत म्हणाले. “त्यांच्यासाठी मीच कापड चढवलं.”

“सांगोवांगी चालत नाही,” कारकून म्हणाला. “तेव्हा नाव लिहून का नाही ठेवलंत?”

“रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव कोण लिहून ठेवतं?”

हँगरमध्ये येऊन त्यांनी कात्री उचलली. तिथेच मेकॅनिक असलेली त्यांची लेक आडवी आली.

“बाबा, धडधाकट पंख फाडताय? आत काही नसलं तर?”

“आहे. कापड चढण्याआधी मालकाने आतल्या लाकडावर सही करायची, ही आमची रीत. पेन्सिलीला टोक मीच काढून दिलं होतं.”

“तीस वर्षांपूर्वी.”

“तुझा वाढदिवस विसरतो मी. पेन्सिल नाही.”

वीतभर कापड कापून त्यांनी आत आरसा धरला. बाईंची सही होती. तारीख होती. खाली खरेदीखताचा क्रमांकही. त्या क्रमांकावरून खरेदीखत कचेरीच्याच कपाटात सापडलं. शिक्का मारताना कारकुनाने मान वर केली नाही.

त्याच दुपारी काका ठिगळ शिवायला बसले. नऊ टाके घातले. “उरलेले सकाळी. उजेड चांगला असतो,” म्हणाले, आणि सुई कापडातच टोचून गेले.

सकाळी ते आले नाहीत. झोपेतच गेले.

परवाना भिंतीवर लागला आहे. लेक रोज पंखापाशी येते, घड्याळ काढून खिशात ठेवते, कापड बोटांनी वाजवते. सुईला तिने अजून हात लावलेला नाही. अकरा टाके बाकी आहेत.