जर्मन साम्राज्य कोणत्या रकान्यात?

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ‘एक विद्यार्थिनी पीएच.डी. अर्धवट सोडून गेली,’ एवढंच म्हणायचो. ते खोटं नव्हतं, म्हणून त्याच्या आडोशाला निवांत राहता आलं.

अमेरिकेत नेपरव्हिलजवळच्या एका विद्यापीठात मी राज्यशास्त्र शिकवत असे. फेब्रुवारीतली ती दुपार अजून नाकात आहे: रेडिएटरवर वाळत घातलेल्या लोकरी हातमोज्यांचा ओला वास, खिडकीबाहेर रस्त्यावर टाकलेल्या मिठाने मळलेला बर्फ, आणि टेबलापलीकडे प्रबंधाचा आराखडा छातीशी धरून बसलेली सुजाता. आराखडा मंजूर करणाऱ्या समितीत दोघे अमेरिकन, तिसरा मी, पुण्याचा.

तिचा विषय होता, कैसरच्या जर्मन साम्राज्याची राजवट कोणत्या प्रकारात घालायची. लिखित घटना होती, प्रौढ पुरुषांना मताधिकार होता, संसदेच्या संमतीशिवाय अंदाजपत्रक मंजूर होत नसे; म्हणून कुणी तिला घटनात्मक राजेशाही म्हणतात. पण चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमायचा सम्राटाने आणि काढायचाही त्यानेच. संसदेने प्रचंड बहुमताने अविश्वास दाखवला तरी तो जागचा हलला नाही, म्हणून कुणी तिला घटनेची शाल पांघरलेली एकसत्ता मानतात. मी पहिल्या पक्षाचा. त्यावरच माझं नाव झालं होतं. सुजाता म्हणत होती, घटना सिंहासनावरून वाचू नका, मतदाराच्या रांगेत उभं राहून वाचा आणि विचारा: मी निवडून दिलेला माणूस कुणाला घरी पाठवू शकतो का? आणि तळटीपेत तिने स्वतःच्या आईचा दाखला दिला होता. आई वर्ध्याकडच्या एका गावची, राखीव जागेवरची सरपंच. शिक्का तिचा, सही तिची, निर्णय मात्र उपसरपंचाच्या ओसरीवर, आणि ती खाली अंगणात उभी.

इथे मागचं एक सांगायला हवं. सुजाता पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा यादीत तिचं आडनाव गावावरून घेतलेलं, कसलाच पत्ता न देणारं होतं. मी चहा पुढे करत सहज, अगदी मायेनं विचारलं होतं, “मूळचं आडनाव काय गं?” ती हसून म्हणाली, “गजभिये, सर. आता बसू?” आयुष्यभर राजवटींची वर्गवारी शिकवणाऱ्या मला त्या हसण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही, की लागला होता?

त्या दुपारी तिला बाहेर बसवल्यावर एका सहकाऱ्याने मला विचारलं, “तुम्ही तिकडचे. ही तुलना टिकते का?” मी म्हणालो, “हा अभ्यास नाही, घरचं गाऱ्हाणं आहे. ही मंडळी सगळीकडे तेच पाहतात.” ‘ही मंडळी’ म्हणजे कोण, ते त्या दोघांना कळणं शक्य नव्हतं. जाणकाराचं मत म्हणून त्यांनी मान डोलावली. आराखडा नामंजूर झाला. सुजाता एम.ए. वर थांबली आणि तिथून जवळच्याच शॉमबर्गच्या एका विमा कचेरीत लागली.

पुढे माझ्या शेवटच्या पुस्तकात मी पक्ष बदलला. कोण कुणाला घरी पाठवू शकतं, हीच कसोटी मी वापरली. वाचकांना ती नवी वाटली. ओसरी मी गाळली होती, आणि सुजाताचं नावही.

गेल्या ऑक्टोबरात, मेपलची पानं तांबूस झालेली असताना, शॉमबर्गच्या इंडियन ग्रोसरीत मेथी निवडताना मागून हाक आली. “सर! ओळखलंत? तुमचं पुस्तक वाचलं मी. शेवटी हलली म्हणायची तुमची जर्मनी!” केस पिकले होते, हसणं तेच. तिच्यासोबतच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, हे कोण? सुजाता म्हणाली, “माझे सर.”

टोमणा मी झेलला असता. ते दोन शब्द झेलता आले नाहीत. कित्येक वर्षं घोकलेलं माफीचं वाक्य ओठांपर्यंत आलं, पण तोंडून निघालं, “आई कशी आहे?”

“गेली, सर. दोन वर्षं झाली.”

तेव्हा कुठे उमगलं, की माफी दोघींची मागायची होती, आणि एकीची वेळ मी आधीच दवडली होती. सुजाता पिशव्या उचलून निघाली. मी तिच्यामागोमाग पार्किंगमध्ये गेलो, जमेल तेवढ्या भरभर. गाडी वळत होती. थांब म्हणून मी हात वर केला. तिने काचेआडून, निरोपाचा समजून, हात हलवला.